सॅव्हाना : कापसाच्या शहरातील दोन नोंदवह्या



परदेशप्रवासाच्या वर्णनांत सहसा शहराचे दर्शनी रूप येते : रस्ते, बागा, इमारती, खाद्यपदार्थ. ते आवश्यकच आहे आणि या लेखातही ते येईल. परंतु बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडलेली असते. भव्य वास्तू पाहिली, की ती कोणाच्या पैशावर उभी राहिली आणि त्या पैशाला तारण काय होते, हा प्रश्न त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात सॅव्हाना नावाचे एक अतिशय देखणे शहर आहे. तेथे या प्रश्नाचे उत्तर मला दोन नोंदवह्यांत सापडले. त्याविषयी आज लिहितो.

आमची कन्या आणि जावई अटलांटा येथे असतात. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही सर्व जण आठवडाभरासाठी सॅव्हानाकडे निघालो. अटलांट्याहून मोटारीने चार तासांचा रस्ता आहे. शहरात उतरण्याऐवजी शहराच्या पश्चिमेस पाऊण तासावर असलेल्या एका शेतावर आम्ही मुक्काम केला. कारण अगदी घरगुती होते. सौ. ला स्वतःचे स्वयंपाकघर हवे होते आणि आम्हा दोघांचे सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी होते. दिवसभर शहर पाहावे, पाचच्या सुमारास परत फिरावे आणि उजेड आहे तोवर जेवून अंगणात बसावे, असा क्रम ठरला. या सोयीमुळे आणखी एक लाभ झाला, त्याची आधी कल्पना नव्हती. सॅव्हाना हे शेतमालाच्या व्यापारावर वाढलेले शहर आहे. ते शेताकडून पाहिले म्हणजे अधिक चांगले समजते.

शेत पन्नासएक एकरांचे होते. घराभोवती पिकानची जुनी, उंच झाडे होती. पिकान हे अक्रोडाच्या जातीचे, पण लांबट आणि पातळ कवचाचे फळ. सकाळी अंगणात त्यांचा सडा पडलेला असे. अर्धी जमीन शेजाऱ्याला खंडाने दिलेली होती आणि तीत भुईमूग व कापूस होता. माझ्या नोकरीची बरीच वर्षे खानदेशात गेली. जिनिंग मिलना मालतारण कर्ज देताना गोदामातील गाठी मोजण्यात माझ्या किती दुपारी गेल्या, याचा हिशेब नाही. त्यामुळे पहिल्या सकाळी पांढरेशुभ्र फुललेले शेत पाहून परक्या देशात ओळखीचा माणूस भेटावा तसे झाले. फरक एवढाच, की तेथे वेचणीला माणूस नव्हता. एकच अवजड यंत्र ओळीओळीने फिरत होते आणि दोन टनांहून अधिक वजनाचे, रंगीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे मागे टाकत चालले होते.

यजमानीणबाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, कृष्णवर्णीय अमेरिकन. आपल्या पणजोबांनी विकत घेतलेल्या जमिनीवर त्या राहत होत्या. सौ. ने पहिल्याच दिवशी त्यांना ‘ताई’ म्हणायला सुरुवात केली आणि शब्दाचा अर्थ कळल्यावर त्यांनी तो आनंदाने स्वीकारला. आम्ही कांदा-लसूण खात नाही, हे ऐकून मात्र त्या मनापासून हसल्या. कारण गंधकाचे प्रमाण कमी असलेल्या मातीत पिकणारा, गोडसर चवीचा प्रसिद्ध विडालिया कांदा जॉर्जियाच्या याच भागातला. तरी त्यांनी आमची उत्तम व्यवस्था ठेवली. न्याहारीला ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या कण्या. दुपारी बरोबर नेण्यासाठी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. त्या शेंगांची चव आपल्या गावाकडच्या शेंगांहून तिळमात्र वेगळी नाही. तेथे जाणाऱ्या शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना येथेच नोंदवतो. दक्षिणेकडील उपाहारगृहांत पालेभाजी, घेवडा किंवा तांबडा भात हे पदार्थ नावाने शाकाहारी वाटले, तरी पुष्कळदा डुकराचे मांस घालून शिजवलेले असतात. प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारून घ्यावे.

आता शहराकडे वळू. सॅव्हानाची स्थापना १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प यांनी केली. त्यांनी आखलेला नकाशा आजही जसाच्या तसा वाचता येतो. ठरावीक अंतरावर एक चौक, चौकाच्या मध्यभागी बाग आणि भोवती घरे. असे २४ चौक होते, त्यांतील २२ आज शिल्लक आहेत. पायी फिरावे असेच हे शहर आहे. दर दोन-तीन मिनिटांनी एखादा चौक लागतो. बाकावर बसावे, ओकच्या रुंद फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या स्पॅनिश मॉसच्या जटा वाऱ्यावर हलताना पाहाव्यात आणि पुढच्या चौकाकडे निघावे. १९५४ साली येथील जुना बाजार पाडून तेथे वाहनतळ बांधण्यात आला. त्या प्रकाराने व्यथित झालेल्या सात महिलांनी दुसऱ्याच वर्षी शहराच्या जतनासाठी संस्था स्थापन केली. आज जे सौंदर्य आपण पाहतो, त्यातील पुष्कळसे त्या सात जणींच्या चिकाटीचे फळ आहे.

ओगलथॉर्प आणि त्यांच्या विश्वस्त मंडळाविषयी वाचताना मी थबकलो. या मंडळाचे लॅटिन बोधवाक्य होते, ‘स्वतःसाठी नव्हे, इतरांसाठी’. आणि त्यांच्या मुद्रेवर रेशमाचा किडा, तुतीचे पान आणि कोश कोरलेला होता, कारण वसाहतीत रेशीम पिकवावे अशी त्यांची योजना होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सभोवतालच्या वसाहती गुलामांच्या श्रमावर चालत असताना जॉर्जियाच्या विश्वस्तांनी १७३५ साली गुलामगिरीला बंदी घातली. एका माणसाने किती जमीन धारण करावी, यावरही त्यांनी मर्यादा ठेवली होती. नियम उत्तम होते, परंतु ते टिकले नाहीत. शेजारच्या कॅरोलिनातील जमीनदारांची श्रीमंती पाहून येथील वसाहतकरी अस्वस्थ झाले, अर्जांमागून अर्ज करू लागले आणि १७५१ च्या आरंभी ती बंदी उठली. रेशीम तर कधी फळले नाही. पुढे १७९३ साली, सॅव्हानाजवळच्या एका मळ्यावर एली व्हिटनी या तरुणाने सरकी वेगळी करण्याचे यंत्र तयार केले. त्या मळ्याचे नाव मलबेरी ग्रोव्ह, म्हणजे तुतीची बाग. जेथे रेशमासाठी तुती लावली होती, तेथेच कापसाच्या साम्राज्याचा पाया घातला गेला.

आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढणे किती कष्टाचे असते, हे आपल्याकडील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई निघे. या यंत्राने पन्नास पौंड निघू लागली. श्रम वाचले, म्हणून श्रमिकाचे ओझे हलके झाले असेल, असे आपल्याला वाटेल. घडले नेमके उलट. कापूस किफायतशीर झाल्याने लागवड वाढली आणि लागवडीसाठी माणसे हवीशी झाली. १७९० साली अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली ती संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली.

त्या व्यापाराचे प्रत्यक्ष स्वरूप पाहण्यासाठी नदीकाठी उतरावे. उंच काठावर बे स्ट्रीट आहे आणि खाली नदीलगत रिव्हर स्ट्रीट. दोहोंमध्ये उंच दगडी पायऱ्या आहेत. (गुडघे दुखणाऱ्यांनी त्या सांभाळून उतराव्यात, कठडा धरावा.) खालच्या रस्त्याचे ओबडधोबड दगड म्हणजे रिकाम्या जहाजांनी वजनासाठी भरून आणलेले धोंडे. मध्ये लोखंडी पुलांची एक गल्ली आहे, तिला फॅक्टर्स वॉक म्हणतात. फॅक्टर म्हणजे आपल्या भाषेत आडते. खालून कापसाच्या गाड्या जात आणि हे आडते वरच्या पुलावरून माल पाहत. ते केवळ माल विकून देत नसत. पुढच्या हंगामासाठी जमीनदाराला उचल देत, त्याची हुंडी वटवत आणि खाते ठेवत. खानदेशच्या बाजारपेठेत मी पाहिलेली आडत दुकाने आणि ही गल्ली यांत कारभाराच्या दृष्टीने मला फारसा भेद दिसला नाही. जवळच १८८६ साली बांधलेली, लाल विटांची कॉटन एक्स्चेंजची सुबक इमारत उभी आहे.

भेद होता तो तारणात. आपल्याकडील आडत्याकडे शेतकऱ्याचा माल, दागिना किंवा जमीन तारण असे. येथे माणूस तारण असे.

हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. मार्च १८५९ मध्ये सॅव्हानाच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पिअर्स बटलर नावाच्या जमीनदाराचे गुलाम लिलावात काढण्यात आले. बटलर कर्जबाजारी झाला होता आणि देणी फेडण्यासाठी ही विक्री होती. जाहिरात ४३६ जणांची होती; दोन दिवसांत ४२९ स्त्री-पुरुष-मुले विकली गेली आणि ३,०३,८५० डॉलर जमा झाले. म्हणजे सरासरी माणशी ७०८ डॉलर. लिलावासाठी छापील यादी होती : क्रमांक, नाव, वय, काम आणि ‘उत्तम’ यांसारखा शेरा. दोन्ही दिवस पाऊस पडत राहिला. त्या विक्रीला लोकांनी ‘अश्रूंचा काळ’ असे नाव दिले आणि आजही ती त्याच नावाने ओळखली जाते. पतिपत्नी आणि त्यांची मुले यांना एकत्र विकण्याचे धोरण ठेवले होते. परंतु म्हातारे आईवडील, भाऊ, बहिणी, लग्न ठरलेली मुले-मुली ही ‘कुटुंबा’च्या व्याख्येत बसत नव्हती.

मी थांबलो तो अटींपाशी. एक तृतीयांश रक्कम रोख. उरलेली दोन समान वार्षिक हप्त्यांत, विक्रीच्या दिवसापासून व्याजासह. हमी म्हणून विकत घेतलेल्या माणसांचेच गहाणखत आणि शिवाय मान्य जामीन. कर्जमंजुरीच्या पत्रांत अशाच अटी मी आयुष्यभर लिहिल्या आहेत. आगाऊ भरणा, हप्ता, व्याज, तारण, जामीनदार, सर्व काही शिस्तीत होते. त्या कागदात हिशेबाची चूक काढता आली नसती. आणि हे एका कर्जबाजारी जमीनदारापुरते नव्हते. २००५ साली अमेरिकेतील एका अतिशय मोठ्या बँकेने जाहीरपणे मान्य केले, की तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानातील दोन जुन्या बँकांनी सुमारे १३,००० गुलाम कर्जाला तारण म्हणून स्वीकारले होते आणि कर्जे थकल्यावर त्यांतील सुमारे १,२५० जण बँकांच्याच मालकीचे झाले. ही झाली पहिली नोंदवही. तीत माणसाचे नाव मालमत्तेच्या बाजूला आहे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. सॅव्हानाहून समुद्राकडे जाताना पुलास्की किल्ला लागतो. तो एप्रिल १८६२ मध्ये पडला आणि या बंदराचा रस्ता बंद झाला. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. ती भूक भागवली वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाने. मुंबईत अपरंपार पैसा आला, कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव आकाशाला भिडले. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे अग्रणी. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस गडगडला आणि त्याबरोबर मुंबईचा सट्टाही. बँक ऑफ बॉम्बे त्यातून सावरली नाही आणि तिचा कारभार गुंडाळावा लागला. तेजीच्या काळातील देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर, प्रेमचंदांच्या मातोश्रींच्या नावाचा, आजही फोर्टमध्ये दिमाखाने उभा आहे. त्याच्याकडे आपण अभिमानाने पाहतो, ते योग्यच आहे. परंतु त्या तेजीचे मूळ कोणत्या बंदरांच्या बंद होण्यात होते, हे सॅव्हानाच्या नदीकाठी उभे राहिल्यावर मला अधिक स्पष्ट झाले.

डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याने सॅव्हाना घेतले आणि ते शहर, तोफा आणि सुमारे २५,००० गाठी कापसासह, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तारेने नाताळची भेट म्हणून कळवले. एका कापूस व्यापाऱ्याच्या हवेलीत त्याने मुक्काम ठोकला. मॅडिसन चौकातील ती ग्रीन-मेलड्रिम हवेली अवश्य पाहावी. तेथे १२ जानेवारी १८६५ रोजी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारण्यात आले, की मुक्त झालेल्या तुमच्या लोकांना काय हवे? त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. त्यांनी आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर मोजून स्वतःला आणि पत्नीला विकत घेऊन सोडवले होते. त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते, की आम्हाला जमीन द्या. ती कसून आम्ही आमचे पोट भरू आणि पुढे ती विकत घेऊ. चारच दिवसांत आदेश निघाला आणि किनारपट्टीची जमीन कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत देण्याचे ठरले. काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार लोक तेथे वसले. परंतु लिंकन यांची हत्या झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तो निर्णय फिरवला. जमीन पुन्हा जुन्या मालकांकडे गेली.

जमीन गेली, उरली ती मजुरीतून होणारी बचत. त्यासाठी ३ मार्च १८६५ रोजी लिंकन यांनीच सही केलेल्या कायद्याने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली होती. तिच्या ३७ शाखा निघाल्या, त्यांत सॅव्हानाचीही होती. धोबिणी, हमाल, सुतार, शेतमजूर पाच-दहा सेंट घेऊन येत. ही सरकारची बँक आहे, असा त्यांचा समज होता आणि तो दूर करण्याची कोणालाही घाई नव्हती. आरंभी ठेवी सरकारी रोख्यांतच गुंतवण्याचे बंधन होते. १८७० साली कायद्यात बदल करून ते सैल केले गेले आणि संचालकांच्या वर्तुळातील लोकांना पुरेशा तारणाविना कर्जे गेली. १८७३ च्या मंदीत ती बुडाली. मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस या थोर नेत्याला अध्यक्षपदी आणले गेले. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर बँकेत घातले. परंतु आतून पोखरलेली संस्था नावाच्या बळावर वाचत नाही. जूनच्या अखेरीस दारे बंद झाली. ६१,१४४ ठेवीदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. पुढे काहींना काही अंश मिळाला, अनेकांना काहीच नाही. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांच्या बंद दारांसमोर उभ्या राहिलेल्या वृद्ध ठेवीदारांचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

मुक्कामाच्या पाचव्या संध्याकाळी ताईंना मी माझ्या नोकरीविषयी सांगत होतो. ‘बँकेत’ म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि आत जाऊन एक चौकट घेऊन आल्या. तीत एका छापील अर्जाची प्रत होती. फ्रीडमन्स बँकेच्या सॅव्हाना शाखेत त्यांच्या खापरपणजोबांनी खाते उघडले, तेव्हाची ती नोंद. आपल्या ‘ग्राहक ओळख’ अर्जासारखीच. बहुतेक खातेदारांना लिहिता येत नसल्याने खात्री पटवण्यासाठी कारकून तपशील विचारून लिहीत : वय, वर्ण, जन्मस्थान, पूर्वीच्या मालकाचे नाव, मळा, व्यवसाय, पत्नी, मुले, आईवडील, भाऊबहिणी. ताईंनी बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. वय २८. काम, लाकडाच्या वखारीत. वडील, विकले गेले, पुढे ठाऊक नाही. आई, हॅना. भावंडे तीन, त्यांपैकी दोघांपुढे ‘युद्धापूर्वी विकले’ असा शेरा. शेवटी सहीच्या जागी एक फुली.

“सर, त्या खात्यातले पैसे आम्हाला कधीच मिळाले नाहीत,” त्या म्हणाल्या. “किती होते तेही माहीत नाही. पण हा कागद सापडेपर्यंत आमच्या घरात कोणालाही हॅना हे नाव माहीत नव्हते. माझ्या नातीचे नाव आता तेच आहे.”

मी हजारो खाती उघडली आहेत. जनधन योजनेपूर्वीच्या काळात अंगठा उठवणारे मजूर रांगेत असत आणि मागे काम तुंबलेले असे. वडिलांचे संपूर्ण नाव, गाव, वारसाचे नाते हे रकाने आम्ही लेखापरीक्षणासाठी भरत असू. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक कारकुनानेही बहुधा तसेच भरले असतील. बँक बुडाली, रक्कम बुडाली, परंतु त्याने निगुतीने लिहिलेले रकाने उरले आणि ज्यांची नाती लिलावात मोडली होती, त्यांना ती परत जोडून देण्याचा एक मोठा आधार ठरले. त्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. त्यांतील सुमारे ४,८०,००० नावांची सूची यूटा राज्यातील तुरुंगातल्या बंदिवानांनी स्वेच्छेने, अकरा वर्षे खपून तयार केली आणि ती २००१ साली प्रसिद्ध झाली. ही दुसरी नोंदवही. माणूस तोच, लिलावाच्या यादीत त्याच्यापुढे किंमत आहे, येथे त्याच्यापुढे त्याच्या आईचे नाव आहे.

मी ताईंना विचारले, पैसे बुडूनही पुढच्या पिढीने ही जमीन कशी घेतली? त्या म्हणाल्या, “वखारीत आणि दुसऱ्यांच्या शेतात राबून. आणि घेण्यापेक्षा टिकवणे अवघड होते.” मृत्युपत्र न करता माणसे गेली, जमीन सर्व वारसांच्या नावे अविभक्त राहिली आणि दूर शहरात राहणाऱ्या एखाद्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन बाहेरचा माणूस संपूर्ण जमिनीची विक्री न्यायालयातून करून घेई. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे १९१० च्या सुमारास दीड कोटी एकर जमीन होती. तिचा फार मोठा भाग पुढे गेला, त्याचे हे एक प्रमुख कारण. २०१२ साली जॉर्जियाने अशा वारसांच्या संरक्षणासाठी कायदा केला. ताईंच्या वडिलांनी मात्र तीस वर्षे आधीच सर्व भावंडांच्या सह्या घेऊन कागद पक्के केले होते, म्हणून पिकानची ती झाडे अजून त्यांची आहेत.

हे ऐकताना आपल्याकडील सातबारा उतारे डोळ्यांपुढे आले. आजोबांच्या नावानंतर वारसनोंदच झालेली नाही, बहिणींचा उल्लेख नाही, एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून एकाचेच नाव आहे, अशी प्रकरणे कर्जविभागात रोज येत. बँकखात्याला नामनिर्देशन नाही, लॉकर कोणाच्या नावे ते घरात कोणाला माहीत नाही, हेही नित्याचेच.

सॅव्हानाला जाणाऱ्यांनी मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडावा. मधले महिने फार उकाड्याचे असतात. चौक पायी पाहावेत, नदीवरची विनामूल्य नाव घ्यावी, रिव्हर स्ट्रीटवर साखळ्या तुटलेल्या कुटुंबाचा २००२ साली उभारलेला पुतळा आहे तेथे थोडा वेळ थांबावे आणि शक्य असेल तर मुक्काम शेतावर करावा.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी या दिवाळीच्या सुटीत घरीच एक काम करावे. कोरी वही घ्यावी आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. आजीच्या आईचे नाव काय, तिचे माहेर कोणते, किती भावंडे होती, कोण कोठे गेले, हे विचारून लिहून घ्यावे. मग त्याच बैठकीत उतारे, ठेवींच्या पावत्या, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांची यादी करावी. आम्ही परत आल्यावर सौ. आणि मी ही वही सुरू केली आहे. माझ्या पणजीचे नाव गंगूबाई होते, ते चुलत आत्याकडून कळले. खापरपणजीची ओळ अजून कोरी आहे; त्यासाठी पुढच्या महिन्यात बारामतीला जायचे आहे.